नंबरप्लेट नाही म्हणून ती गाडी नाही?

मा. सह पोलीस आयुक्त (वाहतूक), बृहन्मुंबई
आणि मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

मी लालबागला राहते. फोर्टातल्या एका वकिलांकडे एकतीस वर्षं टायपिस्ट होते, आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं, इतक्या वेळा टाइप केलंय की डोळे मिटून आजही बोटं ते बडवतील. मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकते. पण गेल्या फेब्रुवारीत या कलमाचं काम आमच्याच घरात पडलं आणि ऐनवेळी ते उपयोगाला आलं नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

झालं असं. शनिवारी रात्री साडेदहाला आमचे हे केमिस्टकडून बीपीच्या गोळ्या घेऊन येत होते. उलट्या दिशेने, दिवा न लावता, आवाज न करता एक बॅटरीची दुचाकी गाडी आली आणि यांच्या गुडघ्यावर आदळली. चालवणारा पोरगा विशीबाविशीचा, पाठीवर खाण्याची पेटी. मी चप्पल शोधत खाली पोचले तेव्हा तो यांना उठवायला बघत होता आणि स्वतःच दोनदा खाली बसला. तोंडाचा भपकारा हातभरावरून येत होता. "काकू, सॉरी. काकू, सॉरी." एवढंच.

थोडं पुढे नाकाबंदी लागली होती. लोकांनी पोराला आणि गाडीला तिथे नेलं. यांना रिक्षात घालायचं तर आमच्याकडे रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी मिळेना, म्हणून यांनाही तिथेच एका खुर्चीवर बसवलं. हवालदार एका स्कूटरवाल्याला मशीनमध्ये फुंकायला लावत होते. आकडा आला ३४. स्कूटरवाला सरळ उभा, बोलणं साफ, पण ३० च्या वर म्हणजे वर. गाडी बाजूला लागली. मग आमची पाळी. हवालदारांनी बॅटरीच्या गाडीभोवती एक फेरी मारली, पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि म्हणाले, "मावशी, हिला नंबरच नाही. हिला लायसन लागत नाही. ही मोटार नाही, मशीन लावून काय करू?"

सरळ उभा राहिलेला अडकला आणि ज्याला उभं राहता येत नव्हतं तो सुटला. आणि हवालदार उद्धट मुळीच नव्हते. खुर्ची त्यांनीच दिली होती, पाणी त्यांनीच आणून दिलं. म्हणून माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. त्यांना जेवढं सांगितलं गेलं तेवढं ते बोलले. माझा प्रश्न त्यांच्या त्या एका वाक्याचा आहे: नंबर नाही, म्हणून मोटार नाही. हे कायद्यात कुठे लिहिलंय?

कलम १८५ म्हणतं, मोटार वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना ज्याच्या १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडेल, त्याला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० पर्यंत होता. आमच्या इमारतीत यावर भरपूर चर्चा होते. किती पेगला किती आकडा, जेवल्यावर कमी होतो का, बडीशेप खाल्ली तर काय. पण कलमातला पहिलाच शब्द, मोटार वाहन, याच्याशी कुणी थांबत नाही. सगळे मिलिग्रॅमवर.

तुमच्याच चौकातल्या फलकांवर लिहिलेलं असतं, "दारू पिऊन वाहन चालवू नका." नुसतं वाहन. मराठी माणसाला वाहन म्हटलं की सगळंच आलं. आमच्या लालबागेत तर उंदीरसुद्धा वाहनच. कायद्यातला शब्द मात्र त्यापेक्षा पुष्कळ आखूड आहे.

कलम २ मधलं २८ वं पोटकलम बघा. यांत्रिक शक्तीने चालणारं, रस्त्यावर वापरण्याजोगं केलेलं कुठलंही वाहन. शक्ती आतून येवो की बाहेरून. बॉडी न बसवलेली नुसती चेसिससुद्धा त्यात येते. ट्रेलरही येतो. वगळलं काय, तर रुळांवर चालणारं वाहन. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायचं खास वाहन. आणि चारपेक्षा कमी चाकांचं, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन. बस. नंबरप्लेटचा उल्लेख नाही, लायसनचा नाही. उलट, आधी वस्तू मोटार वाहन ठरते आणि मग तिला नोंदणी लागते, चालवणाऱ्याला लायसन लागतं, विमा लागतो. हवालदारांनी हा क्रम उलटा धरला. तो उलटा धरायचा तर कुणीही स्क्रू-ड्रायव्हरने नंबरप्लेट काढावी आणि खुशाल पिऊन जावं.

या व्याख्येच्या दोन-तीन गमती आहेत, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. आज ती असती तर तिचा ड्रायव्हर या कलमात बसला नसता, कारण रूळ. लोकलचा मोटरमनही बसत नाही. पण म्हणून तो मोकळा नाही. त्याच्यासाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १७२ आहे, आणि प्रवाशांच्या जिवाला धोका होण्याजोगं काम असेल तर वर्षापर्यंत कैद. म्हणजे एका कायद्याने वगळलेल्याला दुसऱ्याने धरलंय. आमची जुनी लूना मात्र ५० सीसीची, त्यामुळे पेडल असूनही मोटार वाहन. पेडल आहेत म्हणजे सायकल, असं आमचे सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आणि ड्रायव्हर कोण? बंद पडलेली गाडी दोर लावून दुसरी गाडी ओढत असेल, तर मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलेला माणूसही कायद्याने ड्रायव्हरच. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर एकतीस डिसेंबरला शपथेवर सांगतात की इंजिन बंद करून उतारावरून गाडी घरंगळत आणली तर केस होत नाही. यंत्राने चालणं हा गाडीचा गुण आहे, त्या क्षणी इंजिन गुरगुरतंय की नाही याच्याशी संबंध नाही, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, तुम्ही टायपिस्ट होतात. बरोबर आहे. हेच गृहस्थ सोसायटीच्या आवारात पिऊन गाडी मागेपुढे करतात आणि ही खाजगी जागा आहे म्हणतात. कलम १८५ मध्ये सार्वजनिक जागा हे शब्दच नाहीत. ते आहेत कलम २०३ मध्ये, पोलिसांनी फुंकायला कुठे सांगावं त्यासंबंधी.

आता बॅटरीच्या गाडीकडे येते. बॅटरीला सीसी नसतात, म्हणून २५ सीसीची सवलत तिला लागू करता येत नाही. तिच्यासाठी वेगळा नियम आहे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला २(यू). मोटरची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, असं असेल तर ती मोटार वाहन मानायची नाही. पण या वाक्याच्या मध्येच एक अट बसलेली आहे. या गोष्टी नियम १२६ मध्ये नेमून दिलेल्या तपासणी संस्थेने तपासून तसं प्रमाणित केलेलं हवं. आपल्या पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. म्हणजे बॅटरीची गाडी जन्मतः सवलत घेऊन येत नाही. आधी ती मोटार वाहन. कागद दाखवला, तरच ती मोटार वाहन नाही.

त्या रात्री तो कागद कुणी मागितला नाही. मीही नाही मागितला, तेव्हा मला गुडघ्याची पडली होती. पण टॅक्सी येईपर्यंत मी वाकून त्या गाडीच्या पायाखालचा स्टिकर मोबाइलच्या उजेडात वाचला. सवय, दुसरं काय. त्यावर लिहिलं होतं २५० डब्ल्यू. अडीचशे वॉट म्हणजे बरोबर पाव किलोवॉट. नियम म्हणतो पाव किलोवॉटहून कमी! आता स्टिकरवरचा आकडा आणि संस्थेने मोजलेली अर्ध्या तासाची शक्ती या वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मला मान्य आहे. पण ते सांगणार तो कागदच ना?

वेगाचं म्हणाल तर तेही मोजून झालंय. हे प्लास्टरमध्ये, मी घरात अडकलेली. माझ्या भाच्याने टेप धरून आमच्या गॅलरीसमोरच्या दोन विजेच्या खांबांमधलं अंतर मोजलं, ३० मीटर भरलं. ताशी २५ च्या वेगाने ते कापायला चार सेकंदांहून थोडं जास्त लागायला हवं. मी संध्याकाळी मोबाइलवरचं घड्याळ लावून बसायची. बिननंबरच्या कितीतरी गाड्या तीन सेकंदांत गेल्या. तीन सेकंद म्हणजे ताशी ३६. बोट पुढेमागे होतं, कबूल, पण प्रत्येक वेळी एकाच बाजूला होत नाही. दुकानात चावी फिरवून वेग वाढवून देतात हे परिवहन खात्याला ठाऊक आहेच. २०२२ साली अशा बदललेल्या गाड्यांवर कारवाईची मोहीम खात्यानेच काढली होती. वेग वाढवला की सवलत गेली. मग ती पूर्ण मोटार वाहन आणि चालवणारा कलम १८५ मध्ये, ३० मिलिग्रॅमसकट.

खरोखरच सवलतीत बसणारी गाडी असेल तर? तर हवालदार बरोबर होते. कलम २०३ पोलिसांना फुंकायला लावायचा अधिकार देतं तो मोटार वाहन चालवणाऱ्यालाच. ज्याचं वाहन त्या व्याख्येत नाही त्याच्या तोंडाशी त्या कलमाखाली मशीन धरता येत नाही, आणि धरू नये. एवढी सगळी साखळी त्या एका कागदावर लोंबकळते आहे. आणि नुसती दारूची नव्हे. माझ्या नोकरीत मी मोटार अपघात दाव्यांचे अर्ज ढिगाने टाइप केले. मोटार वाहन नाही म्हटलं की विमा नाही, आणि त्या न्यायाधिकरणाचं दारही बंद. यांच्या गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन आम्ही पदरचे पैसे घालून केलं. ज्या कंपनीचं जेवण तो पोचवत होता तिने फोनवर सांगितलं की गाडी आमची नाही. ज्याने गाडी भाड्याने दिली तो म्हणाला, पोरगा आमचा नाही.

कुणी म्हणेल, मग त्याला काहीच लागू नव्हतं का? होतं की. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, जुनं २७९, बेदरकारपणे चालवण्याचं. त्यात कुठलंही वाहन आहे, मोटार हा शब्द नाही. सायकललाही चालतं. कलम १२५ आहे, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं वागण्याचं. दारूबंदी कायद्याचं ८५ आहे, रस्त्यात झिंगून गोंधळ घालणाऱ्यासाठी. महाराष्ट्र पोलीस कायद्यात तर वाहनाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की तिच्यात हातगाडी आहे, सायकल आहे, जहाज आहे आणि विमानसुद्धा आहे. १९५१ साली लिहिणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही. एकाच हवालदाराच्या टोपीखाली वाहनाच्या अशा दोन व्याख्या आहेत, एकीत विमान मावतं आणि दुसरीत सायकल मावत नाही. पण २८१ साठी तक्रार, जबाब, पंचनामा. यांनी नको म्हटलं. "पोराचं पोट आहे त्या पेटीवर." मी चिडले होते, अजून थोडी आहे.

विलायतेत हा प्रश्न फार जुना आहे. १८७२ चा तिथला परवाना कायदा म्हणतो की रस्त्यावर दारू पिऊन गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असणं हा गुन्हा. इल्फ्राकूम नावाच्या गावात एकजण पिऊन सायकल हाताने ढकलत चालला होता, चालवतही नव्हता, त्याला धरलं. सायकल ही गाडी आहे का, यावर वरच्या कोर्टात वाद झाला आणि कोर्टाने सांगितलं, आहे. १९५१ च्या निवाड्यांच्या खंडात तो छापलेला आहे. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून, झिंगलेला नसला तरी अंगात ठरल्याहून जास्त दारू असताना सायकल चालवणाऱ्यालाही शिक्षा ठेवली, तीन वर्षांपर्यंत कैदेची.

ते आपल्याकडे आणा असं मी मुळीच म्हणत नाही, आणि हे नीट ऐका, कारण असल्या पत्राचा शेवट नेहमी हातगाडीवाल्यांवर होतो. मस्जिद बंदरला दिवसभर पोती ओढून संध्याकाळी एक क्वार्टर मारून रिकामी हातगाडी ढकलत निघालेला माणूस मी पंचवीस वर्षं बसच्या खिडकीतून पाहिलाय. त्याला १०,००० रुपये दंड म्हणजे गावी एक पैसाही जाणार नाही. पाववाल्याच्या, दूधवाल्याच्या सायकलला मशीन लावू नका. ज्याचे पाय लटपटतात त्याची सायकलही लटपटते, त्याचा वेग त्याच्या अंगातल्या ताकदीएवढाच. बॅटरीला मात्र कुणाला किती चढलीय याच्याशी देणंघेणं नसतं. मूठ पिळली की ती पळते. मला वाटतं कायद्याने यांत्रिक शक्ती हा शब्द निवडला तो या कारणानेच, आणि रेघ तिथेच राहू दे. फक्त रेघेच्या कुठल्या बाजूला कोण आहे ते नाक्यावर तपासा.

म्हणून मागणं थोडं आहे. पोलीस खात्याकडे हे, की नाकाबंदीवरच्या माणसांना एका पानाचा साधा मराठी कागद द्या: नंबरप्लेट नसणं म्हणजे मोटार वाहन नसणं नव्हे, बॅटरीची गाडी असेल तर तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा, ते नसेल, किंवा गाडी २५ च्या वर पळताना दिसली असेल, तर ती मोटार वाहन धरून पुढची कारवाई करा. अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं, तेव्हा हा घोळ नाक्यावरच सुटला पाहिजे, चौकीत वाद घालत बसायला वेळ नाही. परिवहन खात्याकडे हे, की भाड्याने गाड्या देणाऱ्यांना त्या प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक गाडीत लॅमिनेट करून ठेवायला लावा. आणि दंड करायचा झाला तर तो सोळा तास राबणाऱ्या पोराबरोबर चावी फिरवून देणाऱ्या दुकानालाही होऊ दे.

खरोखर सवलतीतल्या गाड्यांचं, विम्यासकट, काय करायचं हा दिल्लीचा आणि मंत्रालयाचा विषय आहे. यांत्रिक वाहनं समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे राज्यालाही त्यावर बोलता येतं. तुम्ही तिकडे लिहिलंत तर माझ्यापेक्षा तुमचं कुणी ऐकेल.

गटारी आली की तुमची माणसं रात्रभर उभी असतात, पावसात, रेनकोटवर. मला त्याची जाणीव आहे. ह्यांचं प्लास्टर निघालं. चाळीचे जिने उतरताना ते आता कठडा धरतात आणि बॅटरीची गाडी आली की आवाज नसल्यामुळे दोन्ही बाजूंना तीनतीनदा बघतात.

कळावे,
आपली विश्वासू,
लालबागची एक रहिवासी, निवृत्त टायपिस्ट

ता.क. स्टिकरचा फोटो सोबत जोडला आहे. कंपनीचं नाव मी बोटाने झाकलंय. २५० मात्र स्वच्छ दिसतंय.